किक न मारता

८ नोव्हेंबर १९८३, मंगळवार

प्लास्टर काढून आज पाचवा दिवस. गुडघा अर्धा वळतो, पुढे नाही. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले हाड छान जुळलंय. जुळलं असेल. किकवर पाय ठेवला की मात्र ओळख देत नाही.

आठ वाजता दुधाच्या टेम्पोबरोबर माणहून चिठ्ठी आली. पार्वतीबाईंची गाय पहाटेपासून माजावर. म्हणजे संध्याकाळच्या आत पोचून कृत्रिम रेतन करायला हवं, उद्याचा उपयोग नाही. गोठवलेल्या रेताचा नायट्रोजनचा कॅन गाडीला बांधला, पिशवी अडकवली आणि किक मारायला लागलो. चोवीसपर्यंत मोजल्या, मग सोडून दिलं. इंजिन साधं खोकलंसुद्धा नाही. बायको, शमीम, बाजाराला पौडला गेलेली. घोटवडे सगळं भातकापणीला. धक्का द्यायला चिटपाखरू नाही. पायी जावं तर हा पाय आणि तो कॅन.

ओट्यावर बसून राहिलो. शमीम दिवेलागणीला आली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पुण्याच्या साहेबांचं पत्र परत काढून वाचलं. १० डिसेंबरला येतायत. तोवर मला लाईन एकट्याला करता आली तर ठीक, नाहीतर पुण्याच्या ऑफिसात रजिस्टरं. सहा वर्षं घोटवडे-माण-मारुंजी लाईन केली. श्रावणात चिखलात गाडी अंगावर पडली ती एकदाच. आणि आता रजिस्टरं.

९ नोव्हेंबर

आज धक्का. शमीमनं पदर खोचला, मागून ढकललं, मी क्लच दाबून दुसऱ्या गिअरवर. गल्लीच्या टोकाला गाडी लागली. मागे वळून बघितलं तर ती कमरेवर हात ठेवून उभी, धापा टाकतेय. काही बोलली नाही. तिची बहीण पुण्यातच राहते. मनात काय चाललं असेल ते मला कळतं.

माणला पोचलो. गाय शांत, खाली मान घालून कडबा खातेय. माज गेलेला.

पार्वतीबाई म्हणाल्या, "तुमी काल येनार व्हता."

म्हटलं, गाडी चालू झाली नाही.

"मागल्या टायमाला ते शिंदे डॉक्टर आलं न्हाईत, आता तुमी न्हाई. गायीनं काय करावं?"

शिंदे म्हणजे माझ्या जागी आलेला पोरगा. पुण्याहून एक दिवसाआड येतो आणि डांबरी सोडून आत जात नाही. त्याच्यावर ढकलावं असं क्षणभर वाटलं. ढकललं नाही. काल चुकलं ते माझंच.

बाईंचे मालक पिंपरीला कंपनीत, आठवड्यानं येतात. गाय बाईंनी स्वतः वासरापासून वाढवलेली. दोन वर्षं झाली, गाभण नाही. सासू म्हणते भाकड जनावराला बाजार दाखवा. बाईंनी गुढीपाडव्यापर्यंतची मुदत मागून घेतलीय. पुढचा माज २९ च्या आसपास. लाल पेनानं खूण केली.

१२ नोव्हेंबर

उतार. याच्यासारखं सुख नाही. चावी फिरवायची, दुसरा गिअर, क्लच धरून गाडी सोडायची, वेग आला की क्लच सोडायचा. पायाला तोशीस नाही.

आता सगळी लाईन मला नव्यानं दिसायला लागलीय. कुठं गोठा आहे ते बाजूला राहिलं, कुठं उतार आहे ते बघतो. घोटवड्याच्या शाळेपुढचा चांगला. माणच्या वेशीजवळचा बरा, पण खाली कायम बैल बसलेले. मारुंजी सपाट, नुसतं ताट. मारुंजीच्या लोकांनी काय पाप केलंय कोण जाणे.

गाडी उतारावर लावायची आणि पुढच्या चाकाला धोंडा.

१५ नोव्हेंबर

धोंड्याचं काही खरं नाही. आज रिहे फाट्याला आत गोठ्यात हात कोपरापर्यंत घातलेला आणि बाहेर धाडकन आवाज. गाडी एकटीच निघाली, खाली पेंढ्याच्या गंजीत तोंड खुपसून थांबली. कॅन शाबूत. गंजीवाले आजोबा म्हणाले, "फटफटीला बी भूक लागली जनू." सगळे हसले. मीही हसलो, पण कॅन दोनदा तपासला. कॅन उलटला असता तर महिन्याचा माल गेला होता.

१६ नोव्हेंबर

नवी युक्ती: गाडी बंदच करायची नाही. सकाळी शमीमनं एकदा धक्का दिला की दिवसभर चालू.

माणला पार्वतीबाईंच्या जावेची गाय. गाडी अंगणात चालू ठेवून आत गेलो. बाहेर येतो तर शांतता. पार्वतीबाई पायरीवर तांदूळ निवडत बसलेल्या.

"उगा धडधडत व्हती. तेल जळतंय म्हनून म्या चावी फिरवली."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. अंगण सारवलेलं, सपाट, घरात दोन बायका आणि एक आंधळी सासू. तरी दोघी जावांनी पदर बांधला आणि वेशीपर्यंत ढकललं. बैल उठवले. गाडी लागली. पार्वतीबाई लांबून ओरडून म्हणाल्या, "डॉक्टर, ह्ये रोज चालनार न्हाई बगा."

हेच साहेब पत्रात इंग्रजीत म्हणाले होते.

२० नोव्हेंबर, रविवार

लाईनला सुट्टी. डाव्या पायानं किक मारून बघितली. गाडी स्टँडवर, मी उजव्या अंगाला उभा, डावा पाय किकवर. जोर भरपूर येतो. पण सगळं वजन उजव्या पायावर, आणि तो ऐन वेळी दुमडतो. तिसऱ्या किकला मी खाली, गाडी माझ्यावर. बरं की कॅन घरात होता.

शमीमनं उचललं. आधी गाडी, मग मला. म्हटलं आधी मला तरी उचलायचं. म्हणाली, "गाडीखाली तुमी होता. तुमाला आधी कसं उचलणार?" बरोबर होतं.

आयोडेक्स लावताना म्हटलं, जाऊ पुण्याला. तुझी बहीण आहे, नळ आहे, रजिस्टरं काय वाईट. ती चोळत राहिली. मग "बघू" म्हणाली.

मी वाट बघत होतो की ती खूश होईल. झाली नाही. मला ते कळलं नाही.

२३ नोव्हेंबर

आजचं नीट लिहून ठेवतो.

मारुंजीहून परतताना माणच्या नदीकडेला गाडी आपोआप बंद पडली. प्लगवर काजळी. प्लग घासला, बसवला, पण आता चालू कशी करणार. सपाट रान. तिथं गेनबा भेटले. गेनबा म्हणजे पार्वतीबाईंचे दीर, नदीवर त्यांचा डिझेलचा पंप आहे. काकडीला पाणी देत होते. माझ्या उजव्या पायाच्या सात-आठ किका त्यांनी बांधावर बसून शांतपणे बघितल्या. हे असं बघणं फार छळतं.

मग म्हणाले, "पायानंच चालू व्हती व्हय ती?"

"मग कशानं?"

"आमचं इंजन आमी हँडल मारून फिरवतो. इंजनाला काय कळतंय, पाय हाय का हात. फिरलं म्हंजे झालं. तुमच्या फटफटीचं काय फिरल्यावर इंजन फिरतंय?"

"मागचं चाक. गिअरमध्ये असलं तर."

"मंग चाक फिरवा की."

मी म्हटलं हातानं नाही फिरत एवढं जोरात. ते उठले, बैलाचा कासरा घेऊन आले. गाडी मधल्या स्टँडवर चढवली, मागचं चाक हवेत. मी तिसरा गिअर टाकला, चावी फिरवली. गेनबांनी कासरा टायरला दोन वेढे गुंडाळला आणि दोर खालून मागे काढून खस्सकन ओढला.

पहिल्या ओढीला गाडी चालू. सहा वर्षांत पहिल्या किकला कधी झाली नव्हती.

पण गंमत पुढेच. गेनबांनी कासऱ्याचं टोक चाकाच्या आऱ्याला गाठ मारून बांधलेलं. शेतकरी माणूस, दोराचं टोक मोकळं सोडणं हाताला माहीतच नाही. जन्मभर एका टोकाला जनावर नाहीतर खुंटा. त्यामुळं चाक फिरायला लागलं ते सगळा कासरा गिळत. गेनबांच्या हातातून दोर सटकला, शेपटीसारखा गरागरा फिरला, त्यांचं मुंडासं उडवलं, काकडीचे दोन वेल तोडले, ॲक्सलला करकचून आवळला आणि गाडी बंद. दोघं चिखलात बसून राहिलो. मग हसू आलं ते थांबेना.

दोर सोडवायला अर्धा तास. मी म्हटलं, गाठ नको, टोक नुसतं वेढ्याखाली दाबायचं, ओढलं की सुटून हातात आलं पाहिजे. गेनबांना पटेना. "सुटलं तर गेलं की." तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्यांनी टोक मोकळं ठेवलं, पण चेहरा असा की पोरीची पाठवणी चाललीय. ओढलं. दोर सुटून हातात, गाडी चालू.

कासरा त्यांनी मलाच दिला. नको म्हटलं तर म्हणाले, "बैल काय, दुसऱ्या दोरानं बी हुभा ऱ्हातो."

घरी येईपर्यंत गात होतो. माझा आवाज वाईट आहे, पण इंजिन चालू होतं.

२४ नोव्हेंबर

अंगणात सराव. काय जमतं ते:

पेट्रोलची तोटी उघडी. चावी बंद ठेवून चाक एकदा हळू फिरवायचं, मग चावी. तिसराच गिअर, पहिल्यात चाक जड जातं. वेढे अडीच. दोन कमी पडतात, तीन अडकतात. वजन डाव्या पायावर, ओढ पाठीची. मागे ओढल्यामुळं गाडी स्टँडवर अजून घट्ट बसते, पुढे पळत नाही. ही भीती होती ती गेली. चालू झाली की डावीकडून जाऊन क्लच धरायचा, हातानं गिअर न्यूट्रलला आणायचा.

अकरा वेळा चालू केली. शेजारच्यांना वाटलं विकायला काढली.

२७ नोव्हेंबर

थंडी पडली. सहा वाजता नऊ ओढी, गाडी ढिम्म. तळहात सोलले. दोर फेकून दिला. शमीमवर ओरडलो, तिचा काही संबंध नव्हता. चहा थंड आहे म्हणालो. तो गरम होता.

तिनं दोर उचलून आणला. म्हणाली, "किक मारायचा तेव्हा थंडीत ती एक पट्टी वर करायचा. आता करत नाही."

चोक. दोराच्या नादात चोक विसरलो. सहा वर्षांचा अनुभव आणि हे बायकोनं सांगावं. पट्टी वर केली, दुसऱ्या ओढीला लागली. माफी मागितली. तिनं तळहाताला खोबरेल लावलं आणि दोराच्या मधल्या भागाला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळून दिली, धरायला.

ती रोज खिडकीतून बघत होती म्हणजे. एकेक हालचाल.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

चिठ्ठीची वाट बघत पाच वाजल्यापासून जागा. आठला टेम्पो आला. चिठ्ठी होती. पार्वतीबाईंचा पुतण्या लिहितो, "गाय रातीपासून हंबरते."

चोक, अडीच वेढे, एक ओढ. नऊच्या आधी माणला. गाय पूर्ण माजावर, सोट म्हणजे चिकट स्राव स्वच्छ, पाठीवर हात ठेवला तरी हलत नाही. घाई केली नाही. रेताची कांडी कोमट पाण्यात नीट धरली, घड्याळ लावून. हात स्थिर होता. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. असं वर्षात फार थोड्या वेळा वाटतं.

पार्वतीबाई गायीच्या तोंडापुढं उभ्या राहून तिच्याशी बोलत होत्या. काय बोलत होत्या ते मी ऐकलं नाही, ऐकायचंही नव्हतं.

गाडी अंगणात बंद करून ठेवली होती. मुद्दाम. निघताना दोघी जावा आपणहून पदर खोचून पुढं आल्या. म्हटलं, बसा. कासरा काढला. गाडी लागल्यावर धाकटी जाऊ टाळ्या वाजवायला लागली. पार्वतीबाई नुसत्या म्हणाल्या, "ह्यो आमच्या गेनबा भावजींचा कासरा न्हवं?"

एकवीस दिवसांनी, म्हणजे २० डिसेंबरला, गाय परत माजावर आली तर गेलं. नाही आली तर आशा. नक्की कळायला तीन महिने, आत हात घालून तपासल्यावर.

४ डिसेंबर

आठवडाभर एकट्यानं पूर्ण लाईन. एकदाही धक्का नाही. मारुंजीसुद्धा. मारुंजीला आता लोक गायीआधी दोर बघायला जमतात. एकानं विचारलं, "डॉक्टर, कासरा गाडीला का तुमाला?" उत्तर घरी आल्यावर सुचलं.

शिंदेनं स्वतःच ऑफिसला लिहिलंय म्हणे, की त्याला परत बोलवा. पोरगा वाईट नाही. त्याला चिखल आवडत नाही, एवढंच.

१० डिसेंबर, शनिवार

साहेब जीपनं साडेदहाला आले. खुर्ची अंगणात. रजिस्टर बघितलं, फेऱ्या बघितल्या, मान हलवली. मग, "मुलाणी, किक मारून दाखवा."

म्हटलं, "साहेब, किक नाही मारता येणार. गाडी चालू करून दाखवतो."

पहिली ओढ फुकट. साहेबांनी ड्रायव्हरकडं बघितलं. दुसऱ्या ओढीला लागली. मी क्लच धरून उभा, धूर सगळा साहेबांच्या अंगावर. ते खोकले, मग उठून जवळ आले, चाक बघितलं, दोर हातात घेऊन बघितला. शेतकऱ्याच्या घरचेच असावेत, बोटांनी दोर तपासायची रीत तीच होती.

"ही पद्धत कुणी शिकवली?"

"माणच्या एका शेतकऱ्यानं."

"मी हे कागदावर कसं लिहू?"

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "पावसाळ्यात काय? जमीन भिजली, स्टँड रुतलं, दोर ओला. मग?"

खोटं बोलावंसं वाटलं नाही. म्हटलं, "अजून पावसात करून बघितलेलं नाही, साहेब."

शमीम चहा घेऊन आली. साहेब तिला म्हणाले, "वहिनी, पुण्याला चला की. यांनाही त्रास नाही, तुम्हालाही सोय." मी कपाकडं बघत राहिलो.

शमीम म्हणाली, "साहेब, तीन महिने प्लास्टरमध्ये हे घरात बसले होते. तेव्हा भांडी कशी लावायची ते मला शिकवत होते. ऑफिसात बसवलं तर तुम्हाला शिकवतील. यांना गायींकडंच राहू द्या."

साहेब मोठ्यांदा हसले. मी नाही हसलो. महिनाभर समजत होतो की ती पुण्यासाठी गप्प आहे. विचारायचं डोक्यातच आलं नाही.

जाताना साहेब लिहून कळवतो म्हणाले.

रात्री जेवताना तिला विचारलं, बहिणीचं काय? "बहीण यष्टीनं येती. तिला पाय दोन्ही चांगले हायेत."

१७ डिसेंबर

पत्र आलं. दोन ओळी. लाईन माझ्याकडं, तीन महिन्यांसाठी. मार्चअखेर पुन्हा तपासणी, पावसाळ्याचा निर्णय तेव्हा.

होही नाही, नाहीही नाही. तरी जीव भांड्यात पडला. शमीमनं शेवया केल्या. ईद नाही, काही नाही.

फळीचा विचार करतोय. स्टँडखाली टाकायला दोन फूट सागाची, गाडीला आडवी बांधता येईल. आणि नायलॉनचा दोर ओला झाला तरी फुगत नाही. पण घसरतो. बघायला हवं. अंगणात पाणी ओतून सराव करायचा. शमीम म्हणते, ओता, पण चिखल तुम्ही काढायचा.

२० डिसेंबर

टेम्पोत माणची चिठ्ठी नाही.

२१ डिसेंबर

नाही. टेम्पोवाल्याला दोनदा विचारलं. म्हणाला, असती तर दिली असती की.

२२ डिसेंबर

राहवेना. काम मारुंजीला होतं, वाट वाकडी करून माणला गेलो. पार्वतीबाई गोठ्यात शेण भरत होत्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "न्हाई आली माजावर. रोज बगती. पान्यावर नेताना बी बगती."

म्हटलं, अजून काही खरं धरू नका. कधी कधी चार-पाच दिवस पुढं जातं. मार्चमध्ये तपासल्यावरच नक्की. हे मी सगळ्यांना सांगतो, आज स्वतःलाच सांगत होतो.

सासू आतून म्हणाली, "पाडवा मार्चानंतरच की. ऱ्हाऊ दे तवर."

पार्वतीबाईंनी हात धुतले. "तुमचं काय झालं? साहेब येनार व्हतं ना?"

सांगितलं. तीन महिने दिलेत. मार्चअखेर बघणार.

त्यांनी गायीकडं बघितलं, मग माझ्या गुडघ्याकडं. "मंग गायीचं आन् तुमचं एकदमच कळंल. तवर दोगं बी नीट खावा, नीट ऱ्हावा. आन् दर आटवड्याला येऊन बगून जावा तिला. चिठ्ठी न्हाई धाडनार मी."

गायीच्या पाठीवर हात ठेवला. ऊन पडलेलं, अंग गरम. तपासायला अजून फार लवकर होतं, तरी बराच वेळ हात तसाच ठेवून उभा राहिलो.